दारी आलेलं पाणी

माझं लग्न ठरवताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुलाकडचं एकच बघितलं. घर बघितलं नाही, मुलाच्या नोकरीची धड चौकशी केली नाही, घरात सासू नाही म्हटल्यावर बायका कुजबुजल्या तिकडेही कान दिला नाही. रानाच्या डोक्यावरून पाट वाहतो एवढं पाहिलं आणि सुपारी फोडून आले. आईनं दारातच विचारलं, "पोरगा कसा हाय?" आबा म्हणाले, "पाट बारमाही हाय." आमच्याकडे तेवढं उत्तर पुरेसं होतं.

माझं माहेर नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, मिरजगावच्या अंगाचं. तिथं बाजरी, मटकी, हुलगे पिकायचे, तेही आभाळाच्या मर्जीनं. संक्रांत सरली की विहिरीचा तळ दिसू लागे आणि बायका नदीच्या वाळूत झिरे उकरून बसत. झिरा म्हणजे वाळूतला हातभर खड्डा. त्यात पाणी सावकाश गोळा होतं आणि ते वाटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरेपर्यंत दोघींचं भांडण जुंपून मिटायचंसुद्धा.

सासर त्याच जिल्ह्यात, पण उत्तरेला, प्रवरेच्या पाटाखाली. नकाशात जिल्हा एक, कलेक्टर एक, पण पाण्यानं त्याचे दोन जिल्हे केलेले. आमच्या बाजूची गावं दसरा झाला की रिकामी व्हायची. माणसं गाड्या जुंपून ऊस तोडायला वर जायची आणि मागं म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं राहायची. ती जिथं पोट भरायला जायची तिथं मी नांदायला चालले होते, त्यामुळे गावात माझा भाव एकदम वधारला. "हिला पाण्यात दिली," असं बायका एकमेकींना सांगायच्या. ऐकणाऱ्या जिल्ह्याबाहेरच्या असत्या तर त्यांनी ऊर बडवला असता.

पाठवणीच्या वेळी मी रडत होते. आबा बैलांच्या वेसणी उगाच तपासत उभे होते. म्हणाले, "जा बाई. पान्यात चाललीस, रडू नगं." आणि तोंड पलीकडे फिरवलं. ते का फिरवलं हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून मी आणखी रडले.

सासरी पहिल्या सकाळी जाग आली ती साखर कारखान्याच्या भोंग्यानं. माहेरी कोंबडं आरवायचं, इथं भोंगा. त्याच भोंग्यावर शाळा भरायची, चहा उकळायचा, सुना चुलीपुढून उठायच्या. जुनं गाव नदीकाठी होतं, वेस, मारुतीचं देऊळ आणि चार गल्ल्या. पण कारखाना उभा राहिला तिकडे सगळं सरकत गेलेलं. आधी बाजार गेला, मग एसटीचा थांबा, मग दवाखाना, आणि मारुती एकटाच मागं राहिला. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहार आता ट्रॉलीचे सांधे जोडत होता. हंगामात हवेला मळीचा आंबूस गोड वास यायचा आणि चिमणीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. वारा कुठून येतो ते बघून मी धुणं घालायला शिकले. घरात रोज गव्हाची पोळी. माहेरी पोळी सणाला, म्हणून पहिले काही दिवस मला उगाचच रोज काहीतरी सण आहे असं वाटायचं.

त्या मुलखात माणसाची पत वेगळ्याच गोष्टीवर ठरायची. पाटातून चारी निघते, ती रानांतून खाली खाली जाते. ज्याचं रान चारीच्या मुखाशी तो मोठा, ज्याचं शेपटाशी तो बिचारा. सोयरिकीत आधी हेच विचारत. आमचं रान मुखाच्या जवळ होतं. वरचा एक तुकडा चांगला उंचावर आणि खालचा, मोठा तुकडा बशीसारखा खोलगट, थेट ओढ्यापर्यंत उतरलेला. आमच्या खाली चारी संपता संपता एका एकट्या म्हातारीचं वावर होतं. तिच्यापर्यंत पाणी पोचलं तर पोचलं, नाहीतर ती बांधावर उभी राहून वाट बघायची.

माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, तेही या घरात दिलेलेच होते. तरुणपणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर आमच्याच कोरड्या मुलखातून आले. पाटाखालच्या एका शेतकऱ्याला एकुलती एक मुलगी होती. त्याला या पोराचं काम पसंत पडलं आणि त्यानं घरजावई करून ठेवून घेतलं. माझ्या लग्नाच्या आदल्या साली सासूबाई वारल्या. मामंजी कधी "माझं रान" म्हणाले नाहीत. "हे तिच्या बापाचं रान हाय, मी राखनदार," म्हणायचे. त्या घरात बाहेरून आणून लावलेली आम्ही दोन रोपं, त्यामुळे आमचं लवकर जमलं.

माणूस मोठा मायाळू आणि तितकाच हट्टी. पाण्याच्या बाबतीत तर त्यांचे दोन स्वभाव होते. घरात थेंब थेंब राखायचे. अर्ध्या बादलीत आंघोळ, भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, आणि माझ्या हातून तांब्या कलंडला तर दिवसभर अबोला. रानात गेले की हाच माणूस लोटच्या लोट सोडायचा. पाण्याची पाळी आली, म्हणजे आमच्या वाट्याचं पाणी घ्यायची वेळ आली, की मला ताट घेऊन सोबत नेत. चारीचं तोंड उघडायच्या आधी मी पाण्याला हळदीकुंकू वाहायचं, भाकरीचा तुकडा सोडायचा. मग ते अनवाणी पाण्यात उतरत, ओंजळभर पीत, आणि फावड्यानं चारीचं तोंड मोडत. नव्या सुनेला उंबरठ्यावरून आत घ्यावं तसं ते पाण्याला रानात घेत. एकदा आत घेतलं की पाळीची वेळ संपेपर्यंत बंद करायचं नाव नाही. रानाला हवं असो नसो, बांधाला टेकेपर्यंत भरायचं.

एकदा मी म्हटलं, "मामंजी, पुरे झालं की. खालच्या म्हातारीला तरी जाऊ द्या."

"दारी आलेलं पानी माघारी लावायचं नस्तं, पोरी," ते म्हणाले. "माझी आई झिऱ्यावर वाटी घेऊन बसायची. मी तिच्या मांडीला मांडी लावून. एक दीस पानी आलंच न्हाई, तरी ती उठंना. म्हनली, आत्ता यील. ते ध्यानात हाय माझ्या."

मीही वाटीनंच पाणी भरत मोठी झाले होते.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात खालच्या रानात मला पांढरं दिसलं. वाटलं, कुणी चुना सांडला. बोट लावून जिभेवर ठेवलं तर खारट. मामंजी म्हणाले, "थंडीत येतंय, जातंय." पुढच्या साली ते आलं आणि गेलं नाही. मधोमध अंगणाएवढं होतं ते ओढ्याच्या बाजूनं पसरत वर यायला लागलं. त्यात ऊस गुडघ्याएवढा होऊन थांबायचा, पानांची टोकं करपलेली. माती ओली असली तर साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड. लोक त्याला चोपण म्हणतात. त्या पट्ट्यात अशी चोपणं पुष्कळ होती. पाट आला, ऊस आला, कारखाना आला, आणि त्यांच्या मागोमाग हळूच हेही आलं. रस्त्यानं जाताना उसाच्या हिरव्यात मध्येच एखादं वावर पांढरं दिसायचं आणि लोक तिकडे न बघता पुढं जायचे. घरातल्या वेड्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही, तसं.

शेतकी खात्यातला एक माणूस येऊन बघून गेला. बिचाऱ्यानं नीट समजावलं. "बाबा, हे रान तहानलेलं नाही, बुडालेलं आहे. पाटाचा पाझर आहे, त्यात तुम्ही वरून ओतताय. खाली पाणी साठलंय. उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. रानातून खोल चर खणा, ते पाणी ओढ्याला काढून द्या आणि वरचं पाणी तोडा. पावसाच्या आधी करा. नाहीतर पुढं इथं हरळीसुद्धा उगवायची नाही."

मामंजींनी त्याला चहा पाजला, पानसुपारी दिली. तो गेल्यावर म्हणाले, "पानी ओढ्याला सोडा म्हनतोय. रान आजारी हाय. आजारी मानसाचं पानी तोडत्यात व्हय?" आणि पुढच्या पाळीला त्यांनी रान आणखी भरलं, मीठ धुऊन जाईल म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

मला राग यायचा. मामंजींचा कमी, नवऱ्याचा जास्त. तो कारखान्यात बॉयलरवर कामाला होता. घरी आला की भोंग्यानंही उठणार नाही असा झोपायचा. मी म्हटलं, तुम्ही वडिलांना सांगा, रान हातचं जातंय. तर म्हणाला, "पगार चालू आहे ना? त्यांचं मन कशाला दुखवायचं?" ज्या रानाच्या डोक्यावर पाट आहे एवढ्यासाठी मला दिलं, ते माझ्या डोळ्यांदेखत मरत होतं, आणि घरातल्या दोन पुरुषांपैकी एक त्याला पाणी पाजून मारत होता, दुसरा झोपत होता.

मग तो दुष्काळ आला.

त्याबद्दल पुष्कळांनी सांगितलंय, मी माझ्यापुरतं सांगते. माहेरची खबर ऊसतोडीला आलेल्या माणसांकडून कळायची. कारखान्याच्या आवाराबाहेर त्यांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या असायच्या. मी भाकरी घेऊन तिकडे जायची आणि माझ्या बाजूची बोली कानावर पडली की तिथंच बसायची. त्यांनी सांगितलं, तुझी आई खडी फोडायला जाती, बाप पाझर तलावावर माती खणतो. कामावर सुकडी वाटतात, रेशनला लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळतो, त्याची भाकरी थापताना फुटते. आईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या आहेत हेही त्यांनी सांगितलं. सांगायला नको होतं. त्या दिवशी मी पोळीला हात लावला नाही.

हंगाम संपला तरी त्या साली कोप्या मोडल्या नाहीत. गावी जाऊन करायचं काय? आमच्या पाटालाही पाणी कमी झालं, पाळ्या लांबल्या. पण आमच्या खालच्या रानाच्या पोटातलं पाणी हटायचं नाव घेईना. उलट ऊन चढलं तसं मीठ आणखी वर आलं. दुपारी त्या रानाकडे बघवत नसे, डोळे दिपायचे. ओढ्याकडच्या टोकाला एक डबकं साचून राहिलेलं, त्याच्या काठानं पांढरी कड. सगळा जिल्हा पाण्यासाठी तडफडत होता आणि आमचं रान पाण्यात मरत होतं. याला हसावं की रडावं, मला आजही ठरवता आलेलं नाही.

उन्हाळ्याच्या ऐन तोंडाला आबा दारात उभे राहिले. दोन बैल घेऊन, मुक्काम करत करत, पायी आलेले. बैलांची हाडं मोजता येत होती आणि आबांचीही. मामंजींना म्हणाले, "पाव्हणं, एवढी दोन जनावरं पावसापत्तूर ठिवून घ्या. उसाच्या वाढ्यावर जगतील. मी माघारी जातो."

"तुमी बी ऱ्हावा की," मामंजी म्हणाले. "लेकीचं घर हाय."

नेमकी तीच अडचण होती. आमच्याकडे रीत अशी की मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी बापानं घ्यायचं नाही. मला अजून मूल नव्हतं. आबांनी फडक्यात मिलोचं पीठ बांधून आणलं होतं. त्याची भाकरी मी वेगळी भाजून द्यायची. पाण्याचा तांब्या पुढं केला तर हात जोडले आणि पाटावर जाऊन पिऊन आले. "पाट सरकारचा हाय, तुजा न्हाई," म्हणाले. मी चिडले. दुष्काळातनं चालत आलेला बाप माझ्या हातचं पाणी घेईना, आणि का, तर मला पोर नाही! दुष्काळात तेरावा महिना तो हा. पण रीतीच्या बाबतीत आबांपुढं कुणाचं चालत नसे. मामंजी सगळं पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा बैलांना पाण्यावर न्यायला निघाले. मामंजी म्हणाले, "पाटावर कशाला वणवण? खालच्या रानात पानी हाय की. चला दावतो." मला वाटतं, इतके दिवस पाव्हण्यापासून लपवलेलं रान दाखवायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि दाखवायला एक निमित्त हवं होतं. मी मागोमाग गेले.

आबा बांधावर थबकले. त्यांनी त्या पांढऱ्याकडे बघितलं, वाकून चिमूट उचलली, सोडून दिली. मामंजी पुढं झाले आणि बैलांना डबक्याशी नेऊन शीळ घालू लागले. जनावरांना पाणी पाजताना घालतात ती, हळू, लांब. तांबडा बैल तहानलेला होता. त्यानं मान घातली, पाण्याला नाक लावलं, फुरफुरला आणि मागं सरला. मामंजींनी पुन्हा शीळ घातली. पांढऱ्या बैलानं एक घोट घेतला आणि तोंडातून तसाच गळू दिला. दोघेही पाटाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. मिरजगावच्या झिऱ्यांवर वाढलेली, गाळ ढवळून पिणारी जनावरं ती.

मामंजींची शीळ थांबली. ते गुडघ्यावर बसले, ओंजळ भरली आणि प्यायले. त्यांनी ते थुंकलं नाही, गिळलं. इतकी वर्षं ते प्रत्येक पाळीला पाणी पीत आले होते, पण चारीच्या तोंडाशी, पाणी आत येताना. रानातून जाऊन ते काय होतं हे त्यांनी कधी चाखलंच नव्हतं.

तोंड पुसून ते आबांना म्हणाले, "पाव्हणं, तुमी लेकीच्या घरचं पानी घेत न्हाई. तुमच्या बैलांनी बी घेतलं न्हाई." आणि हसायला गेले, पण ते हसू पुरं झालं नाही.

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचं रान पान्यावाचून गेलं, तुमचं पान्यानं. मानूस तर त्योच हाय की, पाव्हणं." मग अवघडून म्हणाले, "कुदळ कुठं हाय? तिकडं मी पानी अडवाया खनतो, हितं काढाया खनीन. फुकटचं वाढं माझ्या बैलांला नगं."

त्या संध्याकाळीच त्यांनी चराची रेघ ओढली. मामंजी बांधावर पाठ करून बसले. खणायला आले नाहीत आणि नकोही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसेच. मी मातीच्या पाट्या उचलत होते. खालची माती राखाडी, घाण वासाची, आणि कुदळ जरा खोल गेली की कडांतून पाणी झिरपायचं. अगदी झिऱ्यासारखं. आबा एकदा मला म्हणाले, "बघ माय, हितं वाटी लावली तर घागर भरंल." दोघंही हसलो आणि आबांनी पुन्हा कुदळ उचलली.

तिसऱ्या दिवशी मामंजी उठून आले. धोतर खोचलं आणि आबांच्या शेजारी लागले. नवरा कामावरून आला, ते दोन म्हातारे खणताना बघून लाजला असावा, कारण कपडेसुद्धा न बदलता त्यानं फावडं उचललं. पुढं रोज तो येऊ लागला. माझा त्याच्यावरचा राग त्या चरात निम्मा बुजला. निम्मा मी पुढं लागेल म्हणून ठेवला.

ओढ्याशी मातीची शेवटची भिंत राहिली तेव्हा आबांनी कुदळ मामंजींच्या हातात दिली. त्यांनी भिंत फोडली आणि पाणी ओढ्यात पडलं. करडं, जड पाणी. मामंजी ढसाढसा रडले. "आईनं वाटीनं भरलं, अन् मी लोटानं घालवतोय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

रानाचं पुढं काय झालं ते सांगून टाकते. पावसानं मीठ धुतलं, पण एका पावसानं नव्हे. आधी ताग गाडला, मग बाजरी केली, फार पुढं गहू. ओढ्याकडचा कोपरा शेवटपर्यंत पांढराच राहिला. ऊस मामंजींनी त्या रानात पुन्हा घेतला नाही, आणि कारखान्याच्या मुलखात ऊस न घेणारा शेतकरी म्हणून लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. आसपासची चोपणं मात्र वाढत राहिली, कारण पाणी सोडायला सगळे तयार होते, काढायला कुणी नव्हतं. अति तिथं माती म्हणतात. आमच्याकडे मातीसुद्धा उरली नाही.

पण मला सांगायचंय ते चर फुटल्यानंतरच्या पाळीचं. त्या उन्हाळ्यात शेतीला पाण्याची ती एकच पाळी मिळणार होती. सगळं गाव डोळे लावून बसलेलं. पाळी आली त्या सकाळी मामंजी म्हणाले, "ताट घे." मी हळदीकुंकू घेतलं, भाकरी घेतली. मनात आलं, आता हे पुन्हा रान भरणार आणि सगळं खणलेलं मातीमोल होणार. आबांनाही तीच भीती होती, तेही सोबत आले.

मी पाण्याला हळदीकुंकू वाहिलं. मामंजी उतरले, ओंजळभर प्यायले, चारीचं तोंड मोडलं. वरच्या तुकड्यात बैलांच्या चाऱ्यासाठी कडवळ होतं, तिकडे पाणी वळवलं. कडवळाचे वाफे भरले. आता खालच्या रानाचं तोंड उघडायचं. आमची वेळ अजून पुष्कळ शिल्लक होती. मामंजी फावडं घेऊन त्या तोंडाशी उभे राहिले. पाणी त्यांच्या पायांवर चढत होतं. खाली दूर, चारीच्या शेवटाला, ती म्हातारी बांधावर उभी होती. दर वेळी उभी असायची तशीच, फारशी आशा न धरता.

मामंजींनी फावड्यानं माती ओढली आणि आमचं तोंड बंद केलं. हातानं थापून पक्कं केलं. पाणी क्षणभर तिथंच फिरलं, मग चारीनं खाली निघालं.

"पोरी, ताट आन," ते म्हणाले.

मला कळेना. "वाहिलं की मघाशी, मामंजी."

"ते येताना वाहिलं. आता ती चाललीय. सवाष्नीला जाताना बी लावत्यात ना?"

मी वाकले. कुंकू पाण्यावर पडलं आणि वाहत पुढं गेलं. मामंजींनी हात जोडले. "जा बाई," ते म्हणाले.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी तोंड पलीकडे फिरवलं होतं. खाली म्हातारी पदर खोचून धावत आपल्या रानाचं तोंड उघडायला निघाली होती.